केशवरावांचा सतरावा ठोकळा

“वास घ्या.”

सकाळी मी दारात राखुंडीनं दात घासत उभा असायचो आणि केशवराव समोर येऊन एक काळपट तुकडा थेट माझ्या नाकाखाली धरायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. वास घेतल्याशिवाय सुटका नसे. तोंडातली राखुंडी सांभाळत मी निमूटपणे हुंगायचो.

“काय म्हणतो?”

“जळलाय.”

“जळलाय ना? म्हणजे काम केलंय त्यानं! कामाचा ठोकळा जळतो, गुरुवार! न जळणारा ठोकळा म्हणजे नुसता ऐतखाऊ!”

एवढं बोलून ते तुकडा पंच्यात गुंडाळायचे आणि पुढच्या दाराला निघायचे. आमच्या आळीतल्या प्रत्येक नाकानं केशवरावांच्या ब्रेकचा वास घेतलेला होता. सोवळ्यातल्या गंगूकाकूंनासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. “काकू, शिवत नाही, लांबूनच हुंगा,” असं म्हणून चार बोटांवरून तुकडा धरला होता.

गुरुवार म्हणजे मी. माझं खरं नाव केशवरावांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्याचं असं झालं, की केशवराव लहानपणीच आईबापांवेगळे झाले आणि कुणातरी लांबच्या आत्याच्या पडवीत राहून कल्याणच्या शाळेत शिकले. जेवण वारानं. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी वैद्यांकडे, असे सात दिवस सात घरं. गुरुवार आमचा. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण आमच्या घरचं अन्न खाल्लं म्हणून मला ‘अहो’ म्हणत. पुढं रेल्वेत चिकटले, तारखात्यात बऱ्यापैकी कारकून झाले, लग्न झालं, तरी माणसं त्यांच्या लेखी वारांचीच राहिली. “काल बुधवार बाजारात भेटले, गुडघ्यानं हैराण आहेत,” असं ते म्हणत. परक्या माणसाला वाटे, ह्यांचं डोकं फिरलंय.

डोकं फिरलेलं नव्हतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. निदान पायगाडी आल्यापासून तरी नाही.

ती पायगाडी एका साहेबाची. बदली होऊन जाताना तो ती केशवरावांना देऊन गेला. दोन सारखी चाकं, मध्ये साखळी, वर कातडी बैठक. कल्याणात तोवर असलं वाहन कुणाच्या दारी नव्हतं. पहिल्या दिवशी ठाकुर्लीच्या रस्त्यावर केशवरावांना येताना बघून एका आगरी म्हाताऱ्यानं डोक्यावरचा भारा खाली टाकला आणि ओरडला, “गारीला बैल नाय, घोरा नाय, न मानूस पलतंय कसा?”

तर पळण्याचं त्या गाडीला काहीच वाटत नव्हतं. अवघड होतं ते थांबणं. तिचे पायटे, म्हणजे पाय मारायच्या पट्ट्या, चाकाशी जखडलेले. चाक फिरलं की पायटे फिरणार, तुमची इच्छा असो वा नसो. उतार लागला की ते इतके गरगर फिरत, की पाय वर उचलून पुढच्या दांड्यावर ठेवावे लागत. मग भरवसा एकाच गोष्टीचा, हाताखालच्या ब्रेकचा. मूठ दाबली की एक लोखंडी दांडा खाली सरकायचा आणि त्याच्या टोकाचा ठोकळा पुढच्या चाकाच्या रबरावर दाबून बसायचा. साहेबाचा मूळचा ठोकळा झिजून गेला होता. नवा मिळायचा तो विलायतेहून. तेव्हा केशवरावांनी तो स्वतः बनवला, आगगाडीच्या डब्यांतून.

स्टेशनापलीकडे मोडीत काढलेले जुने डबे उभे असत. तिथं ठाण्याचा पेद्रू फिटर होता, ख्रिस्ती माणूस, मोठा दिलदार. तिथल्या साहेबाची परवानगी काढून तो केशवरावांना त्या डब्यांत मोकळं सोडायचा. पहिला ठोकळा त्यांनी केला पहिल्या वर्गाच्या खिडकीच्या कातडी पट्ट्याचा. तीन पदरी, शिवून, वर मेण लावून. आणि त्या ठोकळ्याच्या भरवशावर हा गृहस्थ निघाला दिवाळसणाला!

सासुरवाडी मोहन्याची. कल्याणहून दोन कोस. सासरे आबा म्हणजे भातशेतीचे मोठे धनी आणि मानी माणूस. घर नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, उताराच्या अगदी मध्यावर. जानकी, म्हणजे केशवरावांची बायको, आठ दिवस आधीच माहेरी गेली होती. पाडव्याला जावयानं यायचं, ओवाळून घ्यायचं, जेवायचं आणि बायकोला घेऊन परतायचं, एवढाच कार्यक्रम. सोबत म्हणून मी बैलगाडीनं पुढं गेलो होतो.

ओट्यावर सगळं घर जमलेलं. सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणत, दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. जावई उंबऱ्याशी आला की तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकायचा, मग आत घ्यायचं. मागं दाराच्या फळीआड जानकी. आणि वरच्या चिंचेच्या वळणावर केशवराव दिसले! काय तो थाट! जरीची पगडी, उपरणं वाऱ्यावर, पाय दांड्यावर. वळणावर त्यांनी का कोण जाणे, मान मागं वळवून पाहिलं. मग गाडीनं वेग घेतला. माईंनी तुकडा उचलला. आबा उभे राहिले. आणि केशवराव आले, आले, आले आणि गेले! आमच्या सगळ्यांच्या समोरून सरळ खाली गेले ते नदीच्या चिखलात.

माईंच्या हातात तुकडा तसाच. त्यांनी सवयीनं तो ओवाळला होता, पण कोणावरून? ओवाळायचा माणूस नदीत. आता हा तुकडा टाकायचा कुठं, म्हणून त्या रडकुंडीला आल्या.

चिखलानं माखलेले केशवराव गाडी ढकलत वर आले, तेव्हा आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“ब्रेक लागला नाही,” केशवराव म्हणाले. “ठोकळा कच्चा निघाला.”

“ठोकळ्याचं मला सांगू नका,” आबा कडाडले. “मी डोळ्यानं पाहिलंय. तुमचा हात हललासुद्धा नाही. तुम्ही दाबलाच नाही! पाडव्याच्या दिवशी माझ्या दारावरून जावई पुढं जातो, सगळ्या गावादेखत! तुमच्या मनातच थांबायचं नव्हतं.”

“आबा, शपथेवर सांगतो...”

“शपथ नको. ज्या गाडीवरून पुढं गेलात त्याच गाडीवरून या आणि माझ्या दारात थांबून दाखवा. तोवर जानकी इथं राहील.”

दाराची फळी किंचित हलली. तेवढंच. त्या काळी लेकीनं बापापुढं बोलायची रीत नव्हती.

झालं! तिथून केशवरावांच्या अंगात ब्रेक शिरला. सकाळी कचेरी, संध्याकाळी पेद्रूचे डबे. नवा ठोकळा झाला की तापल्या तारेनं त्यावर आकडा कोरायचा, गाडीला लावायचा आणि आळीत आरोळी द्यायची, “आज पारनाक्याला थांबणार आहे हो!” लोक धावत यायचे. बाकीच्या मुलखात माणसं पळणारी गाडी बघायला जमतात. कल्याणात त्या वर्षी गाडी थांबते का ते बघायला जमत. केशवराव रस्त्यावर चुन्याची रेघ मारत, वर जात आणि उतारावरून सुटत. “चालवण्यात काय आहे?” ते म्हणत. “गाडवसुद्धा चालतं. थांबण्यात कसब आहे, कसब!”

चौथा ठोकळा बाकाच्या सागवानाचा. तो रबरावर बसला मात्र, असा किंचाळला, की बाजारातले चार बैल दावी तोडून निघाले आणि वैद्यांचा रोगी औषध न घेताच बरा होऊन पळाला. नववा ठोकळा चाकाच्या पेटीतल्या लोकरीच्या बोळ्याचा. त्या बोळ्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं होतं, हे केशवरावांच्या लक्षात आलं ते तळ्यात पडल्यावर. बारावा ठोकळा मात्र नामी! दोन डबे आदळले की दणका झेलणाऱ्या धक्क्यांत जाड रबर असतं, त्याचा केलेला. मूठ दाबताच गाडी रेघेवर जागच्या जागी उभी राहिली. केशवराव राहिले नाहीत. ते मुठींवरून उडून वैद्यांच्या ओसरीत पोचले.

“गाडी थांबली का?” त्यांनी पडल्यापडल्या विचारलं.

“थांबली.”

“रेघेवर?”

“रेघेवर.”

“मग झालं तर! माझं मी बघून घेईन,” असं म्हणत त्यांनी गुडघ्यातलं रक्त पुसलं. आणि लंगडत जाऊन ठोकळा हुंगला.

मी एकदा म्हटलं, “अहो, पायी जा, आबांचे पाय धरा, आणि घेऊन या वहिनींना. बायका काय काय बोलतात तळ्यावर.”

“पायी?” ते म्हणाले. “अट गाडीची आहे, गुरुवार. पायी गेलो तर ते म्हणतील, थांबायचं ह्याच्या मनातच नव्हतं.”

माझ्या आईला मात्र ह्या सगळ्यात एकच दिसत होतं. ह्याला घरी जेवायला कोण घालतं? तिनं फर्मान काढलं, की केशवनं पूर्वीसारखं गुरुवारी आमच्याकडे यायचं. आणि ते आले. तिशी ओलांडलेली, पगडी घातलेली, तारखात्याचे कारकून, पण लहानपणी यायचे तसेच आले. दाराबाहेर उभं राहून खोकायचं आणि वाट बघायची. हाक मारल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. मी लहान असताना एकदा आम्ही सगळे टिटवाळ्याला गेलो होतो आणि गुरुवार होता हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं. परत आल्यावर शेजारणीनं सांगितलं, तो मुलगा येऊन बंद दाराशी खोकून गेला. दुसऱ्या गुरुवारी तो पुन्हा आला. त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला त्याची अजून लाज वाटते.

सतरावा ठोकळा जन्माला आला तो भाद्रपदात. केशवराव धापा टाकत माझ्या वर्गातच शिरले. मी शिकवत होतो, फळ्यावर त्रैराशिक चाललं होतं.

“सापडलं! गुरुवार, सापडलं! ब्रेकची नळी!”

डब्याडब्यांना जोडणारी ब्रेकची जी जाड नळी असते, तिचा हातभर तुकडा त्यांच्या हातात होता. आत रबर, मग कापड, परत रबर, परत कापड.

“अख्खी मेल थांबवते ही! मला नाही थांबवणार?”

“मेल नळी नाय थांबवीत, आतली हवा थांबवते,” मागून पेद्रू म्हणाला. तोही त्यांच्याबरोबर पळत आला होता.

“गप रे पेद्रू! नळीला सवय तर आहे ना थांबवायची?”

मी वर्ग सोडून दिला. काय करणार? मलाही राहवेना. तिघांनी मिळून ती नळी चिरली, पेद्रूनं तिच्या पाठीला पितळी पट्टी रिवेटांनी बसवली, मध्ये कातड्याचा एक थर, म्हणजे दणका मऊ बसावा. संध्याकाळी दुर्गाडीच्या उतारावर चाचणी. पहिल्या झटक्यात गाडी थांबली, केशवरावही थांबले. रबर रेघेवर, माणूस बैठकीवर! पुन्हा वर गेले, पुन्हा सुटले, पुन्हा रेघेवर. अकरा वेळा! बाराव्या वेळी वर जाणं राहिलंच, आम्ही तिघं त्या चुन्याच्या रेघेवर उभे राहून नाचत होतो, आणि त्यात मी शाळेचा हेडमास्तर.

पाडवा आला. मी पुन्हा बैलगाडीनं पुढं. या खेपेला सोळा ठोकळ्यांचा पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर होता. “बाकीच्या सोळांनीही यायला हवं, मेहनत त्यांचीही आहे,” असं केशवरावांचं म्हणणं पडलं. सतरावा अर्थात गाडीवर.

मोहन्यात बातमी आधीच पोचली होती. अर्धा गाव रस्त्याकडेला. आबा ओट्यावर खुर्ची टाकून ताठ बसले होते. माई तुकडा आणि तांब्या घेऊन दारात, पण या वेळी तुकडा घट्ट मुठीत. जानकी फळीआड नव्हती, माईंच्या खांद्याशी उभी होती, आणि आबांनी दोनदा मागं वळून पाहिलं तरी ती हलली नाही. वर्षभरात बरीच वाळली होती.

चिंचेच्या वळणावर पगडी दिसली. ह्या वेळी नाही थांबले तर संपलंच. पाय दांड्यावर गेले, गाडी सुटली. कुणीतरी ओरडलं, “वाट सोडा, जावई आला!” धूळ उडाली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, दाबा, केशवराव, दाबा! आणि त्यांनी दाबला. गाडी घरघरली, मंद झाली, पुढचं चाक डुगडुगत आलं आणि आबांच्या ओट्याच्या पहिल्या पायरीला हलकेच टेकलं. केशवराव बैठकीवरच होते.

आणि जो गलका झाला! माईंनी इतक्या घाईनं तुकडा ओवाळला, की निम्मं पाणी माझ्यावर उडालं. केशवराव उतरले, दांड्याच्या टोकाचा ठोकळा सोडवला आणि सरळ आबांच्या नाकाखाली धरला.

“वास घ्या.”

मी डोळे मिटले. पण आबांनी, त्या मानी माणसानं, मान खाली केली आणि वास घेतला.

“जळलाय,” आबा म्हणाले.

“जळलाय ना! कामाचा ठोकळा जळतो, आबा!”

आबांच्या मिशीत हसू आलं. पुढं तर त्यांना चेवच चढला. नळी कुठली, कापड किती पदरी, रिवेट कुणाचे, सगळं विचारून घेतलं. डबा दिसल्यावर म्हणाले, “जेवणं होऊ देत. मग सगळे काढा. पहिल्यापासून एकेक हुंगून बघतो.”

केशवराव अंघोळीला मागीलदारी गेले. चुलाणावर पाण्याचा हंडा चढवलेला होता, खाली निखारे फुललेले. मी तिथंच कट्ट्यावर बसून डबा उघडला आणि ठोकळे आकड्यानं लावायला लागलो. एव्हाना माझं नाक तयार झालं होतं. आकडा न बघता मी कातडं आणि सागवान ओळखत होतो. पहिला ठोकळा उचलला. हुंगला. पुन्हा हुंगला. मेणाचा वास आला. दुसरा काही नाही. उलटा करून पाहिला. चिखलाचे डाग होते, पण सुरीच्या खुणा जशाच्या तशा, शिवण कोरी. तो ठोकळा रबराला लागलेलाच नव्हता.

केशवराव पंच्यानं डोकं पुसत आले. मी ठोकळा त्यांच्या नाकाखाली धरला.

“वास घ्या,” मी म्हणालो.

त्यांनी आकडा पाहिला आणि माझ्याशेजारी बसले. बराच वेळ केस पुसत राहिले.

“आबा बरोबर बोलले होते,” शेवटी म्हणाले. “नाही दाबला.”

“का पण?”

“त्या चिंचेपाशी आलो, गुरुवार, आणि बघितलं तर ओट्यावर सगळे उभे. माईंच्या हातात तुकडा, तांब्या. सगळे माझ्याच बाजूला बघतायत. मला वाटलं, माझ्यामागून कुणीतरी येतंय. म्हणून वळून बघितलं, कोण येतंय ते.”

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

“मागं कुणीच नव्हतं. तेव्हा कळलं, हे माझ्यासाठीच उभे आहेत. आणि मग हाताला काय करायचं ते सुचेना. तेवढ्यात नदी आली.”

“मग वर्षभर हे सतरा ठोकळे...”

“हे आबांना काय सांगायचं? हसले असते. आणि मला वाटलं, ठोकळा इतका पक्का करावा, की माझा हात जरी डगमगला तरी त्यानं मला तिथं थांबवावं.”

बंद दाराशी खोकून गेलेला तो मुलगा मला आठवला. इतक्यात आतून माईंची हाक आली, “जावईबापू, पानं वाढलीत! सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत!” केशवराव धडपडत उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि खोकले.

“अहो, खोकता काय? या की आत,” जानकी म्हणाली.

ते आत गेले. मी मात्र मागंच राहिलो. चुलाणातला एक निखारा चिमट्यानं बाजूला ओढला, पहिला ठोकळा त्यावर धरला आणि कातडं करपून काळं पडेपर्यंत, चांगला धूर निघेपर्यंत धरून ठेवला. कुठली बाजू रबराला लागायची ते मला ठाऊक होतं, तेवढीच जाळली. निवल्यावर डब्यात ठेवला, हात धुतले आणि पानावर जाऊन बसलो.

जेवणानंतर आबांनी शब्द पाळला. लोडाला टेकून त्यांनी पहिला ठोकळा उचलला, हुंगला, उजेडाकडे धरला, परत हुंगला.

“अहो, हा तर कोळसा झालाय,” ते म्हणाले. ठोकळा हलकेच डब्यात ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, “म्हणजे तुम्ही दाबला होतात. वर्षभर मी उगीच...”

केशवराव माझ्याकडे बघत होते. मी पानाला चुना लावत होतो आणि तो लावून संपतच नव्हता.